सामुराईची तलवार: घडते कशी, चालते कशी

जपानी तलवारीबद्दल ऐकीव गोष्टी उदंड आहेत. हजार वेळा घडी घातलेलं पोलाद, बंदुकीची नळी कापणारी धार, हवेत सोडलेला रुमाल पात्यावर पडून झालेले दोन तुकडे. तलवार सगळ्यांना माहीत असते, पण ती तशीच का बनते हे विचारलं तर उत्तर सहसा मिळत नाही. मला त्या उत्तराचंच जास्त अप्रूप वाटतं. या पात्यातली जवळपास प्रत्येक खुबी एखाद्या अडचणीवर काढलेला उपाय आहे, आणि ती चालवण्याची विद्यासुद्धा पात्याच्या गुणांइतकीच त्याच्या मर्यादांतून उभी राहिली आहे.

मूळ पेच असा. पात्याकडून आपण दोन उलट गोष्टी मागतो. धार टिकायची तर पोलाद कठीण हवं, पण कठीण पोलाद ठिसूळ असतं, जोराचा घाव बसला की तडकतं. तडकू नये म्हणून मऊ ठेवावं, तर धार चार घावांत बसते आणि पातं वाकतं. जगभरच्या लोहारांनी यातून आपापल्या वाटा काढल्या. जपानी लोहाराने ठरवलं, एकाच पात्यात दोन स्वभावांचं पोलाद ठेवायचं: धारेला कठीण, पाठीला चिवट. एका ओळीत सांगून होतं, पण ते साधायला भट्टीपासून म्यानापर्यंत कितीतरी हात लागतात.

सुरुवात वाळूपासून

जपानमध्ये चांगल्या लोहखनिजाचे मोठे साठे नाहीत. होन्शू या मुख्य बेटाच्या पश्चिमेकडच्या चुगोकु डोंगररांगांत मात्र खडक झिजून काळी लोहवाळू तयार होते. ही वाळू आणि लाकडी कोळसा मातीच्या भट्टीत आळीपाळीने टाकून पोलाद काढायचं, ही तिथली जुनी पद्धत. भट्टीला म्हणतात तातारा. शिमाने प्रांतातल्या ओकुइझुमो इथे ती आजही पेटते. जपानी तलवारींच्या जतनासाठी १९४८ मध्ये स्थापन झालेल्या संस्थेने १९७७ मध्ये ती पुन्हा सुरू केली. दर हिवाळ्यात मोजक्या वेळा ती पेटवतात, आणि तिथलं पोलाद देशभरच्या तलवारकारांना पुरवलं जातं.

एकदा पेटवली की तातारा तीन दिवस तीन रात्री जळत राहते. साधारण दर अर्ध्या तासाने वाळू आणि कोळसा टाकायचा. मुख्य कारागीर, म्हणजे मुरागे, ज्वाळेचा रंग बघतो, हवा आत जाते त्या भोकांतून डोकावतो, भट्टीचा आवाज ऐकतो आणि वाळू किती, कुठे टाकायची ते ठरवतो. भट्टीची माती वाळूतल्या नको असलेल्या घटकांशी मिळून मळी बनते आणि वाहून जाते. म्हणजे भट्टी स्वतःच्या भिंती खर्ची घालून पोलाद शुद्ध करत असते. भिंती झिजून पातळ झाल्या की काम थांबवायचं आणि भट्टी फोडायची. पुढच्या वेळी नवी बांधायची.

आतून निघते पोलादाची ओबडधोबड लादी, तिला केरा म्हणतात. दहा टनांच्या आसपास वाळू आणि त्याहून जास्त कोळसा ओतल्यावर सुमारे अडीच टनांचा केरा हाती येतो, आणि त्यातला थोडाच भाग तलवारीच्या लायकीचा असतो. त्या निवडक पोलादाचं नाव तामाहागाने. दगडी कोळशाऐवजी लाकडी कोळसा वापरल्यामुळे त्यात गंधक जवळजवळ शिरत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोष असा की ते एकजिनसी नसतं. कार्बन साधारण १ ते १.५ टक्के, पण लादीच्या एका कोपऱ्यात कमी, दुसऱ्यात जास्त, आणि मधेमधे मळीचे कण अडकलेले. पोलादात कार्बन किती यावर त्याचा कठीणपणा ठरतो, त्यामुळे असं पोलाद जसंच्या तसं वापरलं तर पातं कुठे टणक, कुठे पोचट निघेल.

घडी घालण्यामागचं कारण

तलवारकार आधी तामाहागानेचे तुकडे तापवून पातळ थापटतो, पाण्यात विझवतो आणि हातोडीने फोडतो. पटकन, स्वच्छ तुटला तो तुकडा जास्त कार्बनचा. तुटायला कुरकुरला तो कमी कार्बनचा. प्रयोगशाळेशिवाय केलेली ही पोलादाची परीक्षा आहे, आणि तुटलेल्या कडेचा पोत बघून तुकडे कुठल्या ढिगात टाकायचे हे अनुभवी डोळा झटकन ठरवतो.

निवडलेले तुकडे एका दांड्याच्या टोकावरच्या पोलादी पट्टीवर रचतात. त्यावर ओला जपानी कागद गुंडाळायचा, वर पेंढ्याची राख आणि पातळ चिखल. या लेपामुळे तापताना हवा थेट पोलादाला लागत नाही, नाहीतर वरचा थर जळून जाईल. मग ते पाइनच्या कोळशात पांढरटपिवळं होईपर्यंत तापवतात आणि घणाखाली एकजीव करतात. पूर्वी समोर घण घेतलेले शिष्य उभे असत. आज अनेक ठिकाणी यांत्रिक घण असतो.

एकजीव झालेला ठोकळा लांबवायचा, मधोमध छिन्नीने चीर द्यायची, दुमडायचा, पुन्हा जोडायचा. हे साधारण दहा ते पंधरा वेळा. कणीक तिंबल्यावर पाणी जसं सगळीकडे सारखं मुरतं, तसा प्रत्येक घडीबरोबर कार्बन पोलादभर सारखा पसरतो, आणि मळी ठिणग्यांबरोबर बाहेर उडते. दर घडीला थर दुप्पट होतात, म्हणजे पंधरा घड्यांत ३२,७६८ थर. हजारो थर खरे आहेत, हजार घड्या खऱ्या नाहीत. प्रत्येक तापवणीत थोडं पोलाद आणि थोडा कार्बन जळतो. काम संपेपर्यंत कार्बन ०.६ ते ०.७ टक्क्यांवर येतो, आणि धारेसाठी तेवढाच योग्य असतो. घड्या घालतच राहिलं तर धार धरण्याइतका कार्बनच उरणार नाही. मुरलेला तलवारकार योग्य घडीला थांबतो.

हे कठीण पोलाद पन्हळीसारखं वळवून त्यात कमी कार्बनचा मऊ गाभा बसवतात आणि दोन्ही जोडून लांब पट्टी ओढतात. ही झाली रचनेची सर्वांत परिचित पद्धत. याहून गुंतागुंतीच्या, तीनचार प्रकारचं पोलाद जोडणाऱ्या पद्धतीही आहेत. पुढे हातोडीने आकार, मग कानशीने आणि रंध्याने साफसफाई. आता पातं दिसायला तलवारीसारखं असतं, पण जवळजवळ सरळ, आणि कापण्याच्या कामाचं अजिबात नाही.

पाणी देणं

हत्याराला पाणी देणं ही आपल्याकडच्या लोहारांचीही रोजची बाब. विळा किंवा कुऱ्हाड लाल करून पाण्यात बुडवली की धार टणक होते. जपानी तलवारकार मात्र त्याआधी पात्यावर माती चढवतो, आणि सगळी मेख तिथे आहे.

माती, कोळशाची पूड आणि दगडाची पूड पाण्यात कालवून लेप करतात. प्रमाण प्रत्येकाचं आपलं. पाठीवर आणि पात्याच्या अंगावर जाड थर, धारेकडे अगदी पातळ. त्या दोन्हींमधली सीमारेषा लहानशा पट्टीने ओढायची: कुणी सरळ, कुणी लाटांसारखी, कुणी लवंगेच्या कळ्या ओळीने मांडल्यासारखी. शिवाय सीमेपासून धारेपर्यंत मातीच्या बारीक आडव्या रेघा ओढतात. त्या रेघांखाली पोलाद किंचित मऊ राहतं, त्यामुळे उद्या धारेचा कपचा उडालाच तर तडा त्या मऊ रेघेशी अडतो आणि पात्यात पुढे सरकत नाही.

लेप वाळला की काम अंधारात, बहुतेक रात्री. पातं भात्याच्या वाऱ्यावर मागेपुढे सरकवत टोकापासून मुठीपर्यंत एकसारखं तापवायचं. हवं असतं साधारण ७५० ते ८०० अंश सेल्सिअस, पण मोजणारा असतो डोळा. दिवे लावलेले असतील तर पोलादाचा खरा रंग कळत नाही, म्हणून अंधार. रंग जमला की पातं पाण्याच्या कुंडात.

पुढच्या काही सेकंदांत जे घडतं ते माझ्या मते या साऱ्या कारागिरीचं शिखर आहे. पातळ मातीखालची धार क्षणात गार होते. पोलादातल्या कार्बनला हलायला वेळ मिळत नाही, तो जागीच अडकतो आणि मार्टेन्साइट नावाची अतिशय कठीण रचना तयार होते. जाड मातीखालची पाठ सावकाश गार होते, तिथे पर्लाइट नावाची मऊ, चिवट रचना बनते. मार्टेन्साइटला जागा जास्त लागते. म्हणजे धारेची बाजू किंचित लांबते, पाठीची बाजू तेवढी लांबत नाही, आणि पातं पाठीकडे वाकतं. सामुराई तलवारीचा तो डौलदार बाक बराचसा या पाण्यातच येतो. तलवारकार अनुभवाने हिशेब करून पातं आधी कमी बाकाचं ठेवतो, उरलेला बाक पाणी देतं.

आणि इथेच सगळ्यात जास्त पाती वाया जातात. एकाच पात्यात दोन भाग वेगवेगळ्या वेगाने आकसले-पसरले की आत प्रचंड ताण येतो. पाण्यातून बारीकसा टणत्कार ऐकू आला की समजायचं, धार तडकली. आठवड्यांची मेहनत गेली. कसलेल्या माणसाचंही असं होतं, आणि त्यावर दुरुस्ती नाही.

माती खरवडल्यावर कठीण आणि मऊ भागांमधली सीमा पात्यावर उमटलेली असते. तिला हामोन म्हणतात. बाजारातल्या शोभेच्या तलवारींवर ही रेषा आम्लाने किंवा घासून काढलेली असते. खऱ्या पात्यावर ती पोलादाच्या आतूनच आलेली असते.

निसण्यावरचे आठवडे

हामोन पूर्ण खुलतो तो पॉलिश करणाऱ्याच्या हातात. हा वेगळा पेशा आहे, शिकायला तलवारकारीइतकीच वर्षं घेणारा. ओबडधोबड निसण्यापासून सुरुवात करून तो एकेक पायरी बारीक दगडांवर जातो. शेवटच्या टप्प्यात दगडाची कागदाइतकी पातळ चकती अंगठ्याखाली धरून पात्याचा इंच इंच घासतो. एका तलवारीला आठवडे लागतात. प्रत्येक पॉलिशमध्ये थोडं पोलाद जातं, त्यामुळे जुनं पातं आयुष्यात मोजक्याच वेळा पॉलिश होऊ शकतं. क्योतोचं होन्आमी घराणं पिढ्यानपिढ्या हेच काम करत आलं, आणि पाती पारखून प्रमाणपत्रं देण्याचा अधिकारही त्यांच्याकडे होता.

पात्याच्या मुळाशी धातूची चपखल पट्टी बसवणारा वेगळा, मॅग्नोलियाच्या लाकडाचं म्यान कोरणारा वेगळा, मुठीवर माशाचं खरखरीत कातडं चढवून दोरी विणणारा वेगळा. पात्याचा मुठीत जाणारा भाग मात्र कुणी कधीच घासत नाही. तिथे तलवारकाराची सही असते, आणि तिथला गंज शतकानुशतकं गडद होत जातो. सही खोटी करता येते, सातशे वर्षांचा गंज हुबेहूब आणणं फार अवघड. हौसेने तो गंज साफ करणारा मालक तलवारीची ओळखच पुसून टाकतो.

हातात घेतल्यावर

एक गैरसमज आधी दूर करायला हवा. रणांगणावर सामुराईचं पहिलं शस्त्र तलवार नव्हतं. सुरुवातीच्या काळात तो घोड्यावरचा तिरंदाज होता. पुढे पायदळाचे भाले आले, आणि १५४३ मध्ये तानेगाशिमा बेटावर पोर्तुगिजांबरोबर बंदूक पोचल्यावर लढाईचं रूपच पालटलं. तलवार कमरेला होतीच, पण बाण संपल्यावर, भाला मोडल्यावर, अंगाशी आलेल्या झटापटीत कामी येणारी.

ती कशी लटकवायची हेसुद्धा लढण्याच्या पद्धतीवर ठरलं. घोडेस्वाराची तलवार ताची. ती लांब, जास्त बाकाची, कमरेला धार खाली करून टांगलेली. पायी लढणं वाढलं तशी पंधराव्या शतकापासून कातानाची चलती झाली. ती किंचित आखूड, कमरपट्ट्यात धार वर करून खोचलेली. धार वर असल्याने उपसण्याच्या हालचालीतच वार करता येतो. त्या एका हालचालीवर इआई नावाची स्वतंत्र विद्या उभी राहिली.

कातानाची मूठ दोन हातांची. डावा हात टोकाशी, उजवा पुढे. शिकाऊ माणूस उजव्या हाताने ताकद लावतो आणि पातं तिरकं पडतं. ताकद डाव्याची, दिशा उजव्याची, हे अंगात भिनायला फार वेळ जातो. वार करताना पात्याची धार आणि हालचालीची दिशा एका रेषेत हवी. ती किंचित चुकली तर पातं कापत नाही, वळतं, आणि मऊ गाभ्यामुळे वाकलेलंच राहतं. भिजवून गुंडाळलेल्या चटईवर सराव करताना हा फरक लख्ख दिसतो: रेषा जमली तर अर्ध्या ताकदीचा वारही आरपार जातो, चुकली तर पूर्ण ताकद लावूनही पातं मधेच अडकतं.

पाती एकमेकांवर खणखण आपटत चाललेली पडद्यावरची लढाई या तलवारीला मानवत नाही. इतकी कठीण धार समोरच्या धारेवर आदळली की कपचा उडतो, आणि तो हामोनच्या पलीकडे गेला तर पातं कायमचं बाद. म्हणून जुन्या परंपरांचा भर अंतर राखण्यावर, समोरच्याचा वार घसरवून देण्यावर आणि त्याच्या हल्ल्याच्या आधीचा क्षण पकडण्यावर असतो. अडवायची वेळ आलीच तर पात्याची बाजू किंवा पाठ पुढे करण्याची शिकवण अनेक ठिकाणी आढळते. काही जुन्या पात्यांच्या पाठीवर शत्रूच्या तलवारीच्या खाचा आजही आहेत. पारखी लोक त्या घासून काढत नाहीत, मानाने जपतात.

हे शिकायचं कसं, हा पुढचा प्रश्न. खऱ्या पात्याने सराव केला तर शिष्य उरणार नाहीत. तेनशिन शोदेन कातोरी शिंतो-र्यू या पंधराव्या शतकातल्या परंपरेत, आणि तिच्यानंतरच्या बहुतेकांत, दोघांनी मिळून लाकडी तलवारीने ठरावीक डावांचा सराव करायचा. या डावांना काता म्हणतात. अनुभवी माणूस हरणाऱ्याची बाजू घेतो, म्हणजे शिष्याला योग्य वेळी योग्य हल्ला मिळतो. सोळाव्या शतकात शिंकागे-र्यू या दुसऱ्या परंपरेचा संस्थापक कामिइझुमी नोबुत्सुना याने चिरलेल्या बांबूवर चामडं चढवलेली सरावाची तलवार आणली, असं मानतात. तिने मोकळेपणाने वार करता येऊ लागले. अठराव्या शतकात शिरस्त्राण, छातीचं कवच आणि हातमोजे आले, आणि केन्दो या आजच्या तलवारबाजीच्या खेळाची पायाभरणी झाली.

केन्दोची तलवार बांबूच्या चार पट्ट्यांची. डोकं, मनगट, धड आणि गळा एवढ्याच ठिकाणचे वार धरले जातात. नुसता स्पर्श झाला म्हणून गुण मिळत नाही. आरोळी, तलवार आणि पाय एकाच क्षणी एकत्र हवेत, आणि वारानंतरही सावधपणा टिकलेला दिसला पाहिजे. गुण मिळाल्यावर मूठ उंचावून आनंद साजरा केला, तर दिलेला गुण काढून घेतला जातो. तलवारीच्या लढाईत बेसावध झालेला जिवंत राहत नाही, ही मूळ जाणीव या नियमात मला फार स्पष्ट दिसते.

शस्त्र ते ठेवा

१५८८ मध्ये जपानचा तेव्हाचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याने शेतकऱ्यांकडची शस्त्रं जप्त केली. पुढे तोकुगावा राजवटीत अडीचशे वर्षं मोठी युद्धं जवळपास झालीच नाहीत, आणि लांब-आखूड अशी तलवारींची जोडी ही सामुराई वर्गाची खूण बनली. नव्या पात्याची धार मृत्युदंड झालेल्या गुन्हेगारांच्या देहावर तपासण्याची क्रूर प्रथाही याच काळातली. यामादा आसाएमोन हे त्यासाठी प्रसिद्ध घराणं. तपासणीचा निकाल कधीकधी पात्याच्या मुळावर सोन्याने कोरला जाई. तलवारीची कला सांगताना हे वगळणं मला अप्रामाणिक वाटतं.

१८७६ मध्ये सामुराई राजवट संपवून आलेल्या मेइजी सरकारने तलवार लावून फिरण्यावर बंदी घातली आणि तलवारकारांचं पोट तुटलं. कितीकजण सुऱ्या-विळ्यांकडे वळले. तलवारींसाठी नावाजलेलं सेकी शहर आज स्वयंपाकघरातल्या सुऱ्यांसाठी ओळखलं जातं. दुसऱ्या महायुद्धात अधिकाऱ्यांसाठी कारखान्यात ढीगभर तलवारी तयार झाल्या, मात्र काहींच्या लष्करी म्यानात घराण्यातलं शेकडो वर्षांचं पातं होतं. १९४५ मध्ये ब्रह्मदेशात शरण आलेल्या जपानी अधिकाऱ्यांनी ब्रिटिश भारतीय सैन्याच्या हवाली केलेल्या तलवारींत दोन्ही प्रकार असणार. शरणागतीनंतर जपानमध्ये तलवारींची सरसकट जप्ती झाली आणि असंख्य पाती नष्ट झाली. कलावस्तू म्हणून त्या वाचवायला जी धडपड झाली, तिच्यातूनच तातारा पुन्हा सुरू करणारी ती संस्था जन्मली. १९५३ पासून तलवारी घडवायला पुन्हा परवानगी मिळाली.

आज तलवारकार व्हायचं तर परवानाधारक गुरूकडे किमान पाच वर्षं शिकावं लागतं, मग सरकारी परीक्षा. परवाना मिळाल्यावरही महिन्याला दोनच लांब तलवारी घडवता येतात, घाईची कामं होऊ नयेत म्हणून. प्रत्येक पात्याची नोंदणी होते. उमेदवारीत पगार सहसा नसतो, गिऱ्हाईक मोजकं, त्यामुळे नव्या शिष्यांची चणचण आहे. मला ही खरी चिंतेची बाब वाटते, कारण रंगावरून तापमान ओळखणारा डोळा पुस्तकातून तयार होत नाही.

तोक्योला गेलात तर उएनोच्या राष्ट्रीय संग्रहालयात तलवारींचं दालन चुकवू नका. ओकायामा प्रांतातल्या सेतोउची इथलं बिझेन ओसाफुने संग्रहालय तर खास तलवारींचंच आहे, ठरावीक दिवशी तिथे घडाईही पाहता येते. हे ओसाफुने गाव शेकडो वर्षं जपानचं सर्वांत मोठं तलवारकेंद्र होतं, पुढे सोळाव्या शतकाच्या अखेरीस योशिई नदीच्या पुराने त्याची वाताहत केली. काचेपुढे उभं राहून आधी पूर्ण आकार बघा, बाक मुठीजवळ जास्त आहे की मध्यावर. मग पात्याच्या अंगावर घड्यांचा पोत शोधा, तो लाकडाच्या रेषांसारखा दिसतो. हामोन सरळ उभं राहून दिसत नाही. गुडघे थोडे वाकवा आणि दिव्याचं प्रतिबिंब पात्यावर धारेजवळ येईल असं डोकं हलवा. धार खाली करून मांडली असेल तर ताची, वर असेल तर काताना. सही सहसा तलवार कमरेला असताना बाहेरच्या अंगाला येणाऱ्या बाजूवर कोरत, त्यामुळे ताचीची आणि कातानाची सही पात्याच्या विरुद्ध बाजूंना सापडते.